वर गेली, तर खाली का ठेवली?

आईची पेटी खाली सोडताना दोर धरणाऱ्यांपैकी एकाचा हात जरा सैल पडला आणि पेटी डोक्याच्या बाजूने आधी टेकली. बारीकसा आवाज झाला. पाळक बोलता बोलता थांबले, पेटी सरळ होऊ दिली, मग पुढचे शब्द म्हणाले: मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ. मूठमूठ माती टाकायला माणसं पुढे येऊ लागली. माझी पाच वर्षांची मुलगी माझं बोट धरून उभी होती. सकाळपासून घरी आलेल्या प्रत्येकाने तिला सांगितलं होतं की आजी देवाघरी गेली. कुठे, असं तिने विचारलं की बोट वर जायचं. तिने वाकून खड्ड्यात पाहिलं, मान वर करून आभाळाकडे पाहिलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "आई, आजी वर गेली ना? मग तिला खाली का ठेवलं?"

कुणीतरी तिला उचलून बाजूला नेलं. लहान आहे, तिला काय कळतंय, असंही कुणी म्हणालं. मला मात्र तिथेच, हाताची माती झटकता झटकता, जाणवलं की तिला नेमकं कळलं आहे आणि मला सांगता येत नाहीये. माझा जन्म ख्रिस्ती घरातला. रविवारच्या शाळेत शिकले, पुढे तिथेच मुलांना शिकवलं. प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणायची श्रद्धेची कबुली, किती वेळा म्हटला असेल त्याला गणती नाही. त्याच्या शेवटी आत्मा वर उडून जातो असं काही नाही. तिथे शब्द आहेत ते देहाच्या पुनरुत्थानाचे आणि सार्वकालिक जीवनाचे. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी ज्याचं नाव जोडलं जातं, त्या मोठ्या विश्वासांगीकाराचा शेवटही तसाच: मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाची आम्ही वाट पाहतो. स्वर्ग दोन्हींत येतो. देवाने तो निर्माण केला, ख्रिस्त तिथे चढून गेला, हे सांगताना येतो. मेल्यावर आम्ही तिथे जाऊ, हे वाक्य मात्र दोन्हींत नाही. इतकी वर्षं ते म्हणत आले आणि कधी लक्षातच आलं नाही.

शब्दाचाही थोडा भाग असावा. 'स्वर्ग' हा शब्द आपल्या भाषेत बायबलच्या फार आधीपासून राहतो आहे आणि त्याचं त्याचं सामान घेऊन राहतो आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात म्हटलं आहे की पुण्यवान माणसं तो विशाल स्वर्गलोक भोगतात आणि पुण्य सरलं की पुन्हा मर्त्यलोकात येतात. तिथे स्वर्ग हा मुक्काम आहे. मला वाटायचं, ख्रिस्ती विचार इथेच वेगळा पडतो, आपला स्वर्ग कायमचा. नव्या करारात शोधत गेले तेव्हा दिसलं की तिथेही, निदान प्रेषित पौलाच्या पत्रांत, मृत्यूनंतरची ती अवस्था वाटेतलीच आहे. फरक पुढे आहे. तिथे परत यायचं ते साठवलेलं संपलं म्हणून. इथे उठायचं आहे ते देवाने सुरू केलेलं अजून पुरं व्हायचं आहे म्हणून.

जुन्या करारात तर मेल्यावर वर जाण्याची भाषा जवळजवळ सापडतच नाही. तिथे आहे अधोलोक, हिब्रूमधला शिओल. चांगले-वाईट, राजे-गुलाम सगळे तिथेच उतरतात. आग नाही, छळ नाही, नुसता अंधार आणि धूळ. सहाव्या स्तोत्राचा कर्ता देवालाच विचारतो की अधोलोकात तुझी स्तुती कोण करणार? मला वाचव, नाहीतर तुझंच एक गाणारं तोंड कमी होईल, असा त्याचा सूर आहे. लहानपणी हे स्तोत्र वाचताना मला भीती वाटायची. आता त्यातला धीटपणा आवडतो. मृत्यू गोड असल्याचं तो स्वतःला समजावत बसत नाही. मग फार उशिरा, दानीएलाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात, ते वाक्य येतं: भूमीच्या मातीत झोपलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील. आशा आली ती या शब्दांत आली. माती आणि जाग. येशूच्या काळापर्यंतही सर्व यहुद्यांनी ती मानलेली नव्हती. त्यांच्यातला परुशी पंथ ती मानत असे, सदूकी पंथ मानत नसे. सात भावांशी एकामागून एक लग्न लागलेल्या बाईचं कोडं घालून सदूक्यांनी येशूला विचारलं, पुनरुत्थानात ती कोणाची बायको? त्यावर तो म्हणाला की देव मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा आहे.

माझ्या मुलीच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रश्न मला थेस्सलनीकामध्ये सापडला. पौलाने तिथल्या छोट्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इ.स. 50च्या सुमाराचं, नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक. ख्रिस्त लवकरच परत येणार या भरवशावर ती माणसं जगत होती आणि दरम्यान त्यांच्यातलं कुणी कुणी मरून गेलं. जे गेले त्यांचं काय? ते मुकले का? पौल उत्तरात मेलेल्यांना 'झोपलेले' म्हणतो. इतरांना आशा नाही, त्यांच्यासारखं दुःख करू नका, असं तो लिहितो. हे वाक्य आमच्याकडे फार वेळा अर्धवट वापरलं जातं, रडणाऱ्याला गप्प करायला. दुःख करू नका एवढंच तो म्हणत नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी, आता दोन क्षणांत तो त्याला उठवणार हे ठाऊक असताना, येशू स्वतः रडला आहे.

'झोप' या शब्दाने ख्रिस्ती जगाची एक जागाच घडवली. ग्रीकमध्ये कोइमेटेरिऑन म्हणजे झोपण्याची जागा; इंग्रजीतला सिमेटरी हा शब्द तिथूनच आलेला. याइराच्या मुलीच्या घरी येशू म्हणतो, मुलगी मेलेली नाही, झोपेत आहे. आणि जमलेली माणसं त्याला हसतात. मग तो तिचा हात धरून तिच्याच घरातल्या भाषेत म्हणतो, तलीथा कूम. मुली, ऊठ. मार्काने आपला मजकूर ग्रीकमध्ये लिहिला, पण हे दोन अरामी शब्द तसेच ठेवले. त्या आवाजातल्या शब्दांना कुणाला हात लावावासा वाटला नसेल. आई रोज सकाळी माझ्या मुलीला उठवायची ती अशीच: पलंगावर वाकायची, तोंड तिच्या कानाजवळ न्यायची आणि हळूच म्हणायची, "सकाळ झाली." मोठ्याने हाक मारणं तिला आवडायचं नाही. दचकून उठलेलं मूल दिवसभर किरकिरतं, असं तिचं म्हणणं.

करिंथकरांना लिहिताना पौल पेरणीची भाषा बोलतो. उघडा दाणा पेरतोस आणि उगवतं ते वेगळं असतं. तरी ते त्या दाण्याचंच असतं. नाशवंत पेरलं जातं, अविनाशी उठवलं जातं. इथे मला पहिल्यांदा मुलीच्या 'खाली का' चं उत्तर दिसू लागलं. पेरायचं असतं ते खालीच. जर्मन भाषेत कबरस्तानाला एक जुना शब्द आहे, त्याचा अर्थ होतो देवाचं शेत. जर्मनीतल्या हर्नहुट गावच्या मोरावियन पंथाच्या मंडळीतली तरुण मुलं 1732 साली ईस्टरच्या पहाटे, उजाडायच्या आधी, आपल्या त्या शेतात जाऊन गाऊ लागली. त्यांच्याकडच्या कबरींचे दगड सपाट आणि एकसारखे असतात, श्रीमंताचा आणि मजुराचा वेगळा ओळखू येत नाही. जगभर पुष्कळ ठिकाणी ख्रिस्ती माणसाला पाय पूर्वेकडे करून पुरतात, तेही यासाठीच: उठून बसेल तेव्हा तोंड उगवतीला हवं.

शंका तेव्हाही होत्या. जळून राख झालेल्यांचं काय, समुद्रात माशांनी खाल्लेल्यांचं काय? बिशप आणि धर्मचिंतक ऑगस्टीनने आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात या शंका एकेक करून घेतल्या आहेत. ज्याने नसलेल्यातून घडवलं त्याला विखुरलेलं गोळा करणं जड नाही, असा त्याचा भरवसा. तरी कॅथलिक चर्चने दहनाला मुभा दिली ती थेट 1963 साली. ऑगस्टीनच्या त्या भागातली एक ओळ मला शंका-समाधानापेक्षा मोठी वाटते. देह निर्दोष होऊन उठतील, पण हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा बहुधा राहतील, आणि त्या कुरूप दिसणार नाहीत, भूषण वाटतील, असं तो म्हणतो. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होतेच. थोमाला ते दाखवले गेले. येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. मग्दालीया मरियेला तो माळी वाटला, इतका साधा माणूस. आईच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण होती. मी रांगती असताना माझ्यावर उलटणारं पातेलं तिने हाताने अडवलं होतं. ती खूण पुसलेली आई मला ओळखू येईल की नाही, कोण जाणे. ती तशीच असावी अशी माझी इच्छा आहे, आणि ऑगस्टीनमुळे ती इच्छा मला बालिश वाटत नाही.

मग आत्ता? पेरणी आणि उगवणीच्या मधल्या या काळात आई कुठे आहे?

इथे चर्चमध्ये एकमत कधीच झालं नाही, आणि मला त्याचा आधारच वाटतो. क्रुसावरच्या चोराला येशू म्हणतो, "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील." मराठी बायबलातला हा 'सुखलोक' म्हणजे मूळचा पॅरादेइसोस, जुन्या इराणी भाषेतून आलेला, कुंपण घातलेल्या बागेचा शब्द. आता, जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती. 'आज तुला सांगतो' की 'आज तू असशील', यावरही माणसांनी वाद घातले आहेत. बहुतेक अभ्यासक दुसरं वाचतात, मीही. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की इथून निघून ख्रिस्ताबरोबर असावं असं मला वाटतं. प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथर पुष्कळदा या मधल्या काळाला गाढ झोप म्हणतो. दुसरा सुधारक कॅल्व्हिन याने, अगदी तरुणपणी, या आत्म्याच्या झोपेविरुद्ध सबंध पुस्तक लिहिलं. आणि एकदा तर प्रत्यक्ष पोपच गोत्यात आले. बावीसावे जॉन, नव्वदीच्या घरातले, 1331 साली प्रवचनांतून म्हणू लागले की अंतिम न्यायाआधी पवित्र जनांनाही देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. केवढी खळबळ उडाली. 1334 मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं आणि पुढच्या पोपने, बारावे बेनेडिक्ट यांनी, 1336 साली उलट निर्णय जाहीर केला: शुद्ध झालेले आत्मे न्यायाची वाट न पाहता देवाला पाहतात. मरायला टेकलेला म्हातारा, मृत्यूच्या पलीकडे नेमकं काय दिसेल याचा विचार करतो आहे, चुकतो आहे, आणि चूक कबूल करून त्याच दारातून आत जातो आहे. त्याच्याबद्दल मला माया वाटते.

मी स्वतः झोपेकडे आणि जवळिकीकडे सारखीच ओढली जाते. झोपलेल्या मुलाला आई जवळच असते, त्याला ते कळत नसलं तरी. याहून जास्त मला सांगता येत नाही.

नरकाबद्दल बोलायचं तर मला मामाबद्दल बोलावं लागेल.

मामाने तिशीत चर्चमध्ये पाऊल ठेवणं सोडलं. का, ते कधीच सांगितलं नाही. आमच्या अडीअडचणीला तो सर्वांत आधी यायचा, पण प्रार्थना सुरू झाली की उठून ओसरीवर जाऊन बसायचा. तो अचानक गेला. दफनाच्या उपासनेला बोलावलेल्या एका उपदेशकाने सगळ्यांसमोर म्हटलं की दार उघडं असताना जो आत आला नाही, त्याच्याविषयी आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. इथे बसलेल्यांनी तरी वेळेवर जागं व्हावं. आई पहिल्या बाकावर होती. तिची पाठ मला दिसत होती. ती हलली नाही. त्या दिवसापासून घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत, आजाऱ्यांची आणि प्रवासाला गेलेल्यांची नावं झाली की, ती खालच्या आवाजात मामाचं नाव घेऊ लागली. आमची मंडळी प्रॉटेस्टंट. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आमच्यात पद्धत नाही. बाबा एकदा समजुतीने म्हणाले, "अगं, तो आता आपल्या प्रार्थनेच्या पलीकडे गेला." आई म्हणाली, "देवाच्या पलीकडे गेलाय का?" बाबांनी पुन्हा विषय काढला नाही.

त्या उपदेशकाच्या तोंडी असलेला नरक मी पुढे बराच शोधला. येशूने वापरलेला शब्द गेहेन्ना, आणि ती एक खरीखुरी दरी आहे, यरुशलेमच्या नैर्ऋत्येला, हिन्नोमची दरी. आहाज आणि मनश्शे या राजांच्या काळात तिथे पोटच्या लेकरांचा अग्नीत होम होत असे. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट केली, म्हणजे पुन्हा तिथे कुणी पूजेला बसू नये अशी केली. यिर्मया संदेष्टा देवाच्या वतीने म्हणतो की मी हे सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. नरकाचं नाव ज्या जागेवरून पडलं, तिथला अपराध हा की माणसांनी देवाच्या नावाखाली मुलं जाळली. तिथे शहराचा कचरा सतत जळत असे, ही प्रवचनांत हमखास येणारी गोष्ट मात्र मध्ययुगातल्या टीकाकाराकडून आलेली आहे. तिला प्राचीन पुरावा मिळत नाही.

नव्या करारात गेहेन्ना हा शब्द बारा वेळा येतो. अकरा वेळा येशूच्या तोंडी, एकदा याकोबाच्या पत्रात. पौलाच्या पत्रांत एकदाही नाही. म्हणून येशूचं बोलणं मला सौम्य करून घेता येत नाही. सगळ्यात कठोर शब्द त्याचेच आहेत. पण ते कुणाला उद्देशून आहेत हे पाहावं. श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या दाखल्यात श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला भिकारी पडलेला आहे. दाखल्यात नाव त्या भिकाऱ्याला आहे, श्रीमंताला नाही. मृत्यूनंतर दोघांमध्ये मोठी दरी आहे. ती आधी दाराएवढीच होती. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातात तिथे, विचारलं जातं ते भुकेल्याबद्दल, उघड्याबद्दल, तुरुंगातल्याबद्दल. आणि उजवीकडचे चकित होतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना ठाऊकच नव्हतं. मामा माझ्या डोळ्यांसमोर येतो तो या चकित झालेल्यांच्या घोळक्यात.

त्याच अध्यायात सार्वकालिक शिक्षेचाही शब्द आहे. ऑगस्टीनने तो पुरता गंभीरपणे घेतला आणि पश्चिमेकडचं बहुतेक चर्च त्याच्या मागे गेलं. त्याच्याच लिखाणावरून कळतं की त्याच्या काळातल्या पुष्कळ ख्रिस्ती माणसांना अशी न संपणारी शिक्षा असेल हे पटत नव्हतं. त्यांना तो कनवाळू म्हणतो, आणि त्यांच्याशी न चिडता वाद घालतो. त्याच्या आधी धर्मपंडित ओरिजेनने आशा धरली होती की शेवटी सगळंच देवाकडे परत येईल. त्याच्या नावाशी जोडलेली ही शिकवण सहाव्या शतकात दोषी ठरवली गेली. निस्साचा बिशप ग्रेगरी मात्र जवळपास तेच म्हणत राहिला आणि चर्च त्याला संत मानतं. त्याने हे कुठे शिकल्याचं सांगितलं आहे? बहिणीच्या मृत्युशय्येपाशी. 379 साली, मोठा भाऊ बाझील नुकताच गेलेला, ग्रेगरी रडवेला होऊन माक्रीनाकडे आला तर तीच मरायला टेकलेली. त्याने लिहिलेल्या संवादात ती धापा टाकत टाकत त्याला समजावते. चिखलाने लडबडलेला दोर अरुंद भोकातून ओढला तर चिखल खरवडून निघतो, आणि त्या ओढण्यात दोराला ताण बसतो. ओढणारा दोराला शिक्षा करत नसतो, त्याला दोर हवा असतो. पुढे सातव्या शतकात निनवेचा बिशप इसहाक याहून जवळचं बोलला: गेहेन्नात असलेल्यांना प्रेमाचेच चाबूक बसतात. आपण ज्याच्याशी चुकलो त्याच्या प्रेमासमोर उभं राहणं, याहून मोठी आग त्याला माहीत नव्हती.

ज्यांनी दुष्टाचा शेवट म्हणजे कायमचं विझून जाणं मानलं, तेही ख्रिस्तीच. अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक आजही मानतात. 1999 च्या जुलैमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं की नरक ही जागेपेक्षा अवस्था आहे, देवापासून स्वतःला तोडून घेतलेल्याची. मला हे खरं वाटतं. तो दरवाजा आतून लावता येतो एवढं स्वातंत्र्य माणसाला आहे, हे मी नाकारत नाही. काही माणसांना तो लावून घेताना मी पाहिलं आहे. पण बाहेर उभा असलेला कधी निघून जातो, हे मला कुणीही बायबलातून दाखवून दिलेलं नाही. आणि कोण आत आहे हे व्यासपीठावरून सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. कॅथलिक चर्चने इतके संत जाहीर केले, पण अमुक माणूस नरकात आहे असं आजवर एकाही माणसाबद्दल जाहीर केलेलं नाही. त्या दिवशी आईला हे कुणी सांगायला हवं होतं.

लहान बाळांच्या बाबतीत तर शिकवणीने आयांना फार दुखावलं. बाप्तिस्मा न होता गेलेली बाळं कुठे, या प्रश्नावर मध्ययुगात लिंबो ही कडेची जागा सुचवली गेली. दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र भूमीत जागा नव्हती, त्यांच्यासाठी बाजूला वेगळ्या जागा होत्या, आणि त्या आजही दाखवता येतात. 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मतज्ज्ञांच्या आयोगाने म्हटलं की ही बाळं तारली जातात अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. ज्या आयांना हे ऐकायचं होतं, त्यांतल्या बहुतेक तोवर गेलेल्या होत्या.

आईच्या प्रार्थनेकडे परत येते. ती आपल्या नकळत फार जुन्या पंगतीत जाऊन बसली होती. मृतांसाठी प्रार्थना मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात, एका जुन्या यहुदी ग्रंथात, आहे. क्लुनीच्या मठाचा प्रमुख ओदिलो याने दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांना 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस लावून दिला आणि पुढे तो सगळ्या पश्चिमेकडे गेला. मेल्यावर आत्मे शुद्ध होण्याच्या जागेची, शुद्धिस्थानाची, कल्पना घट्ट झाली, मग तिथली शिक्षा कमी करून देण्याच्या नावाने पैसा जमला, आणि 1517 मध्ये ल्यूथरने त्या व्यवहाराविरुद्ध आपले पंचाण्णव मुद्दे मांडले. तो बरोबर होता. भिणाऱ्या माणसाच्या खिशात हात घालणं हे पापच. 1563 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनेही शुद्धिस्थान कायम ठेवून त्याच्या आडून होणारी कमाई निषिद्ध ठरवली. पण बाजार मोडताना आमच्या बाजूने मृतांची नावं घेणंच बंद झालं, ही हानी मला आईमुळे कळली. ऑगस्टीनची आई मोनिका 387 साली ओस्तियात आजारी पडली तेव्हा मुलांना म्हणाली, हा देह कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका. एवढंच मागते की जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण काढा. आणि तो मोठा तर्कशास्त्री मुलगा तिच्यासाठी प्रार्थना करतो, वाचणाऱ्यांनाही करायला सांगतो.

आई गेल्यावर आठवड्याभराने संध्याकाळची प्रार्थना मी चालवली. आजाऱ्यांची नावं झाली, प्रवाशांची झाली. मग मी मामाचं नाव घेतलं आणि थांबले. बाबा डोळे मिटून बसले होते. त्यांनीच पुढचं नाव घेतलं.

इस्तंबूलमध्ये खोरा नावाचं जुनं चर्च आहे, आता मशीद झालेलं. त्याला लागून असलेल्या, कबरींसाठी बांधलेल्या दालनात चौदाव्या शतकाच्या आरंभीचं एक भित्तिचित्र आहे. मी ते छायाचित्रातच पाहिलं, पण इतक्या वेळा की डोळे मिटूनही दिसतं. विश्वासांगीकारातल्या 'तो अधोलोकात उतरला' या ओळीचं ते चित्र. शुभ्र वस्त्रातला ख्रिस्त पाय रोवून उभा आहे. त्याच्या पायाखाली मृत्युलोकाची दारं मोडून पडली आहेत, आणि भोवती कुलपं, किल्ल्या, खिळे विखुरले आहेत. एका हाताने त्याने आदामाला कबरीतून ओढलं आहे, दुसऱ्याने हव्वेला. हात नाही धरलेले, मनगटं धरली आहेत. हातात हात धरायला दोघांनी धरावा लागतो. मनगट धरलं की ओढलं जाणाऱ्याच्या अंगात काही शिल्लक नसलं तरी चालतं. हव्वेचं मनगट पाहताना मला आईचं मनगट आठवतं, आणि ओसरीवर पाठ करून बसलेला मामाही.

तो खाली उतरला, हे त्यातलं मुख्य. आणि बायबलाचं शेवटचं पुस्तक उघडलं तर तिथेही दिशा तीच. योहानाला दृष्टांतात नवं यरुशलेम दिसतं ते स्वर्गातून खाली उतरताना. माणसं वर नेली जात नाहीत, देवाचं घर माणसांमध्ये येतं. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी 12,000 स्टेडिया, म्हणजे काही 2,200 किलोमीटरचा तो घन. मोजमापापेक्षा मला त्याच्या वेशी महत्त्वाच्या वाटतात. बारा वेशी, आणि त्या कधी बंद होत नाहीत, कारण रात्रच नाही. नदीकाठच्या झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत, म्हणजे तिथे पोचलेल्यांनाही बरं होणं बाकी आहे. आणि तो त्यांच्या डोळ्यांतलं सर्व पाणी पुसून टाकील. रडू नका असं तिथेही म्हटलेलं नाही. पुसायला डोळ्यांत पाणी लागतं.

मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की आजीला खाली ठेवलं कारण देव तिला उठवायला खाली येणार आहे. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग तिला कळेल का?" मी म्हणाले, हाक मारील ना तो. तिला ते पुरलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या ईस्टरला आम्ही पहाटे कबरीवर गेलो. बाबा काठी टेकत पुढे, मी मेणबत्त्यांची पिशवी घेऊन मागे. अंधारात दगडांवरची नावं वाचता येत नव्हती, पण पोरीला जागा पाठ होती. ती आधी पोचली. मी जवळ गेले तोवर ती उकिडवी बसून पार वाकली होती, तोंड मातीला लागेल इतकी. मला वाटलं काही पडलं म्हणून शोधते आहे. मग तिचं हळूच बोलणं ऐकू आलं.

"आजी, सकाळ झाली."

अजून पुरतं उजाडलं नव्हतं.